बोटभर चुना

माझं तोंड कायम लाल. लग्न होऊन वसईतल्या या वाडीत आले तेव्हा घरामागे पानवेली होत्या. सासूने पहिल्याच आठवड्यात विडा लावायला शिकवलं. वेली आता चारच उरल्या आहेत, सवय मात्र तेवढीच आहे. त्यामुळे हिरड्यांतून रक्त येत होतं ते कुणाला कळलं नाही, मलाही नाही. पायांवर जांभळे ठिपके उठले तेव्हा सुनेने रक्त तपासायला लावलं. प्लेटलेट्स अकरा हजार निघाल्या. निदान दीड लाख तरी लागतात म्हणे.

एव्हरशाईन सिटीत रक्ताचे डॉक्टर बसतात. ते म्हणाले, हा डेंग्यू नाही, शरीरच स्वतःच्या प्लेटलेट्स मारतंय. पहिल्या गोळ्यांनी माझा चेहरा सुजला आणि साखर वाढली. मग त्यांनी दुसरी गोळी दिली. रोज सकाळी सहाला, उपाशीपोटी. आधी चार तास आणि नंतर दोन तास दूध, दही, कॅल्शियमची गोळी, काही नको.

मी सगळं पाळलं. बिनदुधाचा चहा प्यायले, तोही आठनंतर. तरी आकडा हलेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी नाही. शेवटी ते म्हणाले, "दोन आठवडे बघू. नाहीतर पांथरी, म्हणजे स्प्लीन, काढावी लागेल. प्लेटलेट्स तिथेच मरतात."

माझं वय अठ्ठ्याहत्तर. या वयात पोट फाडून घ्यायची मला भीती वाटली.

घरी सुनेने विचारलं, "आई, चोरून दुधाचा चहा पिता ना?"

"तुझ्या दुधाला तोंड लावलेलं नाही."

"मग गोळी जाते कुठे?"

"विचार तुझ्या डॉक्टरला."

 शेजारीण पपईच्या पानांचा रस घेऊन आली. तो मी पपईच्याच बुंध्याशी ओतला.

पुढच्या खेपेला सुनेने डॉक्टरांसमोर दुधाची तक्रार केली. ते न चिडता मला समजावू लागले. "आजी, दुधातलं कॅल्शियम पोटात गोळीला चिकटून बसतं. मग गोळी रक्तात जातच नाही."

"कॅल्शियम म्हणजे काय ते तरी सांगा."

"चुनाच समजा. हाडांत असतो ना, तो."

गोळी गिळली की तोंड बेचव व्हायचं, म्हणून मी लगेच विडा लावायची. पानाला बोटभर चुना. गप्प बसले असते तर सुनेपुढे माझंच खरं राहिलं असतं, पण पांथरी गेली असती. मी कमरेची पानाची चंची काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती उघडून पाहिली. "हे कधी खाता?"

"गोळीवर लगेच. पान म्हणजे काय खाणं आहे का?"

सून ताडकन म्हणाली, "मग रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या आधी का नाही खात? ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असतो म्हणून ना? देवासाठी पानाने उपास मोडतो, डॉक्टरांसाठी मोडत नाही होय?"

डॉक्टर तोंडावर हात धरून हसले. मी चंची सुनेच्या हातात दिली. 

त्या दिवसापासून चंची सुनेच्या कपाटात असते. गोळी सहाला, विडा नऊला. तीन आठवड्यांनी आकडा पासष्ट हजार आला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं असं समजू नका, गोळी चालूच ठेवायची. ठेवते. पांथरी जागेवर आहे.

सुनेची मी माफी मागितली नाही. दूध मी प्यायले नव्हते, तिने उगाच चोर ठरवलं. पण गोळी वाया जात होती हे तिचं खरं होतं, आणि घालवत मीच होते. आता नऊ वाजता मी चूळ भरते. बेसिनमध्ये पानाचं किंवा रक्ताचं लाल काही दिसत नाही ना, हे ती येऊन बघते. मग चंची हातात देते.