निळीचं पाणी

गुरुजींच्या खोलीत पंख्याचा हुक जिथं छतात गेलाय, तिथून पहिला थेंब पडला तो चैत्रात. पाऊस नव्हता, ढग नव्हते. ऊन असं की दुपारी गल्लीतलं कुत्रं मोरीच्या ओलीला येऊन पडायचं. मी केर काढत होते. थेंब माझ्या मानेवर पडला. मी वर बघितलं, पदरानं मान पुसली आणि केर काढत राहिले.

तेव्हा माझं सगळंच असं चाललं होतं. काकूंना जाऊन तीन महिने झाले होते आणि माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं. चहा गरम आहे हे ओठ भाजल्यावर कळायचं. काकू गेल्या त्या दिवशीही मी रडले नाही. आलेल्या बायका आपसात बोलल्या, "कामाचीच बाई शेवटी." ते ऐकून वाईट वाटायला पाहिजे होतं. मी त्यांच्या हातात चहाचे कप देत होते.

काकू म्हणजे गुरुजींची बायको. गुरुजी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. एकच मुलगा, तो पुण्याला. मी त्याला दादा म्हणते. मी स्वतः देवणीजवळच्या खेड्यातली. सातवी झाली आणि शाळा सुटली; आठवीचा वर्ग पुढच्या गावात होता आणि घरी पाणी भरायला दुसरं कुणी नव्हतं. आधी लातूरला एका घरी स्वयंपाकाला राहिले. तिथल्या बाईंच्या ओळखीनं नांदेडला आले, त्याला आता सहा वर्षं झाली होती. काकूंनी मला मागची खोली दिली. तिला आतून कडी होती. आतून लावायची कडी मला तोवर कधी मिळाली नव्हती. काकू रोज दुपारी माझ्याकडून पेपर मोठ्यानं वाचून घ्यायच्या, गुरुजी आरामखुर्चीतून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. आज हे लिहिते आहे ते त्या दोघांमुळं.

मी सोडून दिला तसा गुरुजींनी तो थेंब सोडला नाही.

"पोरी, स्टूल आण."

"कशाला?"

"डाग वाढतो का बघू. कडेनं पेन्सिलीची रेघ ओढ अन् तारीख टाक."

मी चढले, रेघ ओढली, तारीख टाकली. मग ते रोजचंच झालं. रेघेबाहेर रेघ, तिच्या बाहेर आणखी एक. खाली थेंबासाठी स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. गुरुजींनी खुर्ची जराशी सरकवली आणि वर बघत बसायला लागले.

"मराठवाड्याचा नकाशा व्हायलाय बघ," ते एकदा म्हणाले. "आता इकडं देगलूर निघंल."

काकू गेल्यापासून त्यांनी केलेला तो पहिला विनोद. मी हसायला पाहिजे होतं. "हाव," म्हणाले आणि पातेलं रिकामं करायला गेले.

दोन आठवड्यांनी त्यांनी चष्मा पुसून निदान सांगितलं. नळ आला की दुसऱ्या दिवशी डाग पुढं सरकतो, एरवी फारसा हलत नाही. आमच्याकडं नळ एक दिवसाआड येतो. म्हणजे दोष नळाच्या पाइपात. पलंबरला बोलवायचं ठरलं.

पलंबर म्हणजे चाचा. हे घर बांधलं तेव्हाची पाइपलाइन त्यांनीच टाकलेली. दारातूनच म्हणाले, "क्या गुरुजी, घर में गोदावरी निकाल लिये क्या?"

"उगम सापडंना म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

चाचांनी माझ्याकडं निळीची पुडी मागितली, कपड्यांना घालतो ती. वरच्या न्हाणीचं भोक चिंधीनं बुजवलं, फरशीवर पाणी सोडलं आणि त्यात नीळ कालवली. "न्हाणी गळत असंल तर नीचे नीला थेंब पडेगा, बेटा. पानी को रंग देव, वो खुद बोलता मैं किधर से आया."

ते वर फिरत होते, मी मागून बादली घेऊन. न्हाणीच्या पलीकडं दादाची बंद खोली. चाचांनी दाराला हात लावला.

"इधर क्या है?"

"दादाची खोली हाय. बंदच असती."

"नल-बिल कुछ?"

"न्हाई. काहीच न्हाई तिथं."

नळ नव्हता, हे खरं होतं. काहीच नव्हतं, हे खोटं होतं. तिथं माझं पाण्याचं टिपाड होतं.

लातूरच्या त्या घरी नळ दहा-बारा दिवसांनी यायचा. आला की टिपाडं, हंडे, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. रिकामं भांडं पालथं दिसलं की बाई अंगावर यायच्या. नांदेडला आले तर इथं एक दिवसाआड पाणी, वर बोअर. तरी मला झोप लागेना. मग गच्चीवर पडलेलं एक काळं प्लास्टिकचं टिपाड मी घासलं, दादाच्या खोलीत कोपऱ्यात सावलीला लावलं आणि न्हाणीतून बादल्या नेऊन भरलं. वर फळी, फळीवर जुन्या गोधड्या. महिन्याभरात काकूंच्या ते ध्यानात आलं.

"नदीच्या गावात पाणी लपवतीस व्हय गं?"

"ओतून देते काकू."

"ओतू नको. झोप लागती ना तुला त्यानं? मग असू दे. फक्त ह्यांना सांगू नको, तासभर पर्जन्यमान शिकवतील."

गुरुजींचे गुडघे गेलेले, ते वर चढत नाहीत. दादा आला तरी खालीच झोपतो, वर फार तापतं. काकूंनंतर त्या टिपाडाचं फक्त मला माहीत होतं. म्हणून चाचांसमोर तोंडातून तसं निघालं. लपवावं असं ठरवलं नव्हतं. टिपाडाचा आणि त्या थेंबाचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही नव्हतं. या उन्हाळ्यात ते दर दोन दिवसांनी वीतभर उतरत होतं आणि नळाच्या दिवशी मी ते परत काठोकाठ करत होते. पाणी कमी झालं तर ते का कमी झालं, असं आमच्याकडं कुणी विचारत नाही. ते कमीच होतं. ऊन पितं.

दुसऱ्या दिवशी पातेल्यातलं पाणी पांढरं स्वच्छ. न्हाणी संशयातून सुटली. चाचांनी मग गच्चीवरच्या टाकीतच नीळ टाकली. दिवसभर घरातल्या सगळ्या नळांना निळं पाणी. गुरुजींनी निळ्या पाण्यानं तोंड धुतलं. थेंब मात्र तसाच, पांढरा.

चाचा खाली बसून विडी काढत म्हणाले, "ये लाइन का पानी नहीं है. किधर तो बी ठहरा हुआ पानी है. नहीं तो फिर स्लॅबच गया. सळई खराब हुई तो मेरे हात का काम नहीं, गुरुजी."

गुरुजींनी ते दादाला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ही त्यांची जुनी खोड, निम्मं सांगत नाहीत. शनिवारी दुपारी दादा आला.

तो वाईट माणूस नाही. आल्या आल्या माझ्या आईची चौकशी केली. मग छताकडं बघून म्हणाला, "अण्णा, हे तुमच्या डोक्यावर पडायची वाट बघायची का? घर बंद करू. तुम्ही माझ्याकडे चला." आणि माझ्याकडं वळून, "ताई, तुम्ही पण किती वर्षं घरापासून लांब राहणार? आईजवळ राहता येईल आता."

गुरुजींनी पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली.

मी जेवायची ताटं घेतली. घर बंद म्हणजे मागची खोली बंद, कडीसकट. आईकडं एक खोली, त्यात भाऊ, भावजय, त्यांची लेकरं. हे सगळं मला कळत होतं, पण दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. तेवढ्यात आईचाच फोन आला.

"पानी हाय का गं तिथं?" ती नेहमी पहिलं हेच विचारते.

"हाय. लई हाय."

"मग बरं हाय तुझं."

त्या दिवशी नळाचा दिवस होता. दिवेलागणीला मी सवयीनं वर गेले. गोधड्या काढल्या, फळी सरकवली. पाणी वीतभर उतरलेलं. बादली उचलली आणि तिथंच थांबले. खोली बंद. खिडकी बंद. ऊन कुठून येणार होतं तिथं?

मी खाली बसले. टिपाडाच्या बुडाला हात लावला. केसाएवढी चीर होती. फरशी वरून कोरडी दिसत होती, पण टिपाडाखालच्या शहाबादीच्या सांध्यात बोट घातलं तर ओला गाळ निघाला. पाणी फरशीखाली उतरत होतं, मुरमातून सरकत सरकत न्हाणीखालून पुढं जात होतं आणि हुकाचं भोक मिळालं तिथं खाली पडत होतं. नळाच्या दिवशी भरते मी, दुसऱ्या दिवशी डाग सरकतो. गुरुजींचं गणित बरोबर होतं. फक्त पाइपाच्या जागी मी होते.

दोन वाटा दिसत होत्या. टिपाड गुपचूप रिकामं केलं असतं तर आठ दिवसांत छत वाळलं असतं, माझं नाव कुठं आलं नसतं. पण मग दादा म्हणाला असता, आज थांबलं, उद्या परत गळेल, स्लॅब गेलेलाच आहे. गुरुजी पुण्याला गेले असते. सांगितलं तर घर वाचत होतं, पण मग मला कोण ठेवणार? त्यांच्याच घरात पाणी लपवलेली, चाचांसमोर खोटं बोललेली बाई.

निळीची उरलेली पुडी माझ्या कमरेला खोचलेली होती. सांगायचं असलं तरी आधी खात्री पाहिजे, असं मी स्वतःला म्हणाले. खरं म्हणजे तोंडानं सांगायची हिंमत नव्हती. मी पुडी टिपाडात ओतली आणि हातानं ढवळलं. कोपरापर्यंत निळी झाले.

रविवारी सकाळी मी पोहे करत होते.

"पोरी," गुरुजींनी हाक मारली. "इकडं ये."

पातेल्याच्या तळाला फिकट निळं पाणी होतं. दादा टॉवेल घेऊन तिथंच उभा. हुकाला एक थेंब तयार होत होता, मोठा झाला, पडला. निळा.

"टाकी तर दोनदा धुतली," गुरुजी म्हणाले. "मग हे कुठलं?"

"माझं हाय," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. लातूर, टिपाड, फळी, गोधड्या, चाचांना काय बोलले ते. आवाज सरळ येत होता. हात मात्र पदराखाली घेतला होता, निळा होता म्हणून.

"माझ्या खोलीत?" दादा म्हणाला. "मी रजा काढून टिपाड बघायला आलो?" तो तरातरा वर गेला. मी मागं गेले. त्यानं टिपाडात डोकावून बघितलं, मग गोधड्या बघितल्या. त्यातली एक त्याच्या शाळेच्या शर्टांच्या तुकड्यांची होती.

"आईला माहीत होतं हे?"

"हाव. त्याच म्हणाल्या, असू दे."

तो खाटेवर बसला. "मला कधी बोलली नाही ती," म्हणाला. मग ती गोधडी त्यानं मांडीवर ओढली. मी दारात उभी.

दुपारी चाचा आले. त्यांनी छताला ठिकठिकाणी हातोडीनं ठोकून बघितलं, कान लावून ऐकलं. "पक्का है. कुछ नहीं हुआ." मग मला म्हणाले, "क्या बेटा, मैं पूरा घर नीला किया, और तू कमरे में तालाब लेके बैठी?" ते एवढे हसले की त्यांना खोकला लागला. माझ्याही तोंडातून काहीतरी निघालं, हसण्यासारखं.

गुरुजी खुर्चीतून दादाला म्हणाले, "छत पक्कं आहे. मी इथंच राहतो."

"आणि ताई?"

मी चाचांसाठी आणलेली पोह्यांची ताटली दोन्ही हातांनी धरली होती.

"तिला कशाला विचारतोस? ती राहतेच इथं." मग माझ्याकडं बघून, "चाचांपाशी खोटं बोललीस ते वाईट केलंस. टिपाड नवीन घे. पण खाली अंगणात ठेव, जमिनीवर. तिथं गळलं तर झाडाला जाईल."

मी "हाव" म्हणाले. ताटली चाचांपुढं ठेवली.

दादा संध्याकाळच्या गाडीनं गेला. टिपाड रिकामं करायचं होतं. एवढं पाणी मोरीत ओतायला माझा हात होईना. आणि नीळ तर घातलेलीच होती. मी गुरुजींचे सगळे पांढरे शर्ट, धोतरं, टॉवेल धुऊन वर नेले आणि टिपाडातल्या पाण्यात एकेक बुडवून पिळले. ते संपले तरी पाणी उरलं होतं. मग काकूंच्या खाटेवरची पांढरी चादर काढली. त्या गेल्यापासून ती कुणी काढली नव्हती, मीही नाही. ती साबणानं धुतली, निळीत बुडवली, पिळली आणि गच्चीवर दोरीला टाकली. दोन्ही टोकं ओढून सरळ करावी लागतात. एकटीला ते जमत नाही, काकू एक टोक धरायच्या. मी एक टोक दोरीला चिमट्यानं लावलं आणि दुसरं ओढत उभी राहिले.

ती चादर ओली होती, जड होती आणि गार होती. हे मला लगेच कळलं.