धावणाऱ्यांची नाडी

दवाखान्यात डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, तेही रस्ता कोरडा असला तर. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे सालिना. बावीस वर्षं ती तिथे नर्स होती. गावातली बाळंतपणं तिनेच केली, जखमा तिनेच शिवल्या, आणि औषध अर्धवट टाकणाऱ्यांची कानउघाडणीही तिनेच केली. पण तिचं नाव झालं ते नाडीमुळे.

गाव कड्यावर, आणि निम्मं गाव शर्यतीत धावणारं. शनिवारी सरावाला निघण्याआधी पोरंपोरी दवाखान्याच्या ओट्यावर हात पुढे करून बसत आणि सालिना एकेकाचं मनगट धरून मिनिटाचे ठोके मोजी. पळून कसलेलं हृदय सावकाश चालतं, म्हणून ज्याची नाडी सगळ्यांत सावकाश, तो त्या आठवड्याचा राजा. कुणाची साठच्या वर गेली की बाकीचे तुटून पडत. "हा कसला धावतोय! ह्याला मक्याच्या पोत्यावर बसवा, दुकान सांभाळेल." सालिनाही मागे राहत नसे. "बेचाळीस! हृदय आळशी आहे रे तुझं, पाय तेवढे आळशी होऊ देऊ नकोस," असं ती म्हणाली की तो पोरगा दोन दिवस जमिनीवर नसे.

ह्या कौतुकातच घात होता. तो तिला चार वर्षांपूर्वी कळला, आणि कळल्यावर ती गप्प बसली.

त्या वर्षी सर्दीतापाची साथ होती. जेमेली नावाची एकोणीस वर्षांची मुलगी ताप उतरल्यावर तिच्याकडे आली. चढावर डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. सालिनाने मनगट धरलं. छत्तीस. "अगं, इतकी सावकाश नाडी माझ्या हाताला कधी लागली नव्हती! तुला काय धाड भरलीय? जा, पळ." दुसऱ्या दिवशी सरावात पळता पळता जेमेली खाली पडली ती उठलीच नाही. गावाने नाना कारणं काढली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं पाण्यात कुणीतरी काहीतरी घातलं.

पुढे दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सांचं शिबिर होतं. तिथे एका डॉक्टरने सांगितलं, की साध्या तापाचा विषाणूही कधी कधी हृदयात उतरतो आणि ठोक्यांची वाट अडवतो. निरोगी धावणाऱ्याची नाडी सावकाश असली तरी चार पावलं टाकली की वाढते. ह्या आजारात ती वाढत नाही, आणि श्रम झाले की एखाद्या क्षणी हृदय भलतंच फडफडून थांबतं. सालिना वही मिटून बाहेर आली आणि संडासाचं दार लावून रडली. गावी परतल्यावर तिने शनिवारचा तो खेळ बंद केला. का, असं विचारलं की "मला बाकीची कामं आहेत" म्हणायची. खरं सांगायची तिची छाती झाली नाही.

ह्या वर्षी साथ पुन्हा आली. गुरुवारी जेमेलीचा धाकटा भाऊ किमोसोप खोकल्याचं औषध मागायला आला. शनिवारी निवडीची शर्यत होती, त्यात निवडला गेला तर परदेशी पळायला जाणार होता. बोलता बोलता त्याने बाकाचा आधार घेतला. सालिनाने न विचारता मनगट धरलं. अडतीस, आणि मधेच एखादा ठोका गळत होता. त्याला हाताशी धरून ती फाटकापर्यंत सावकाश चालवत घेऊन गेली आणि परत मोजलं. अडतीसच.

"शनिवारी तू पळायचं नाहीस."

"काय मावशी! कोच म्हणतात, हे विजेत्याचं हृदय आहे."

"तुझ्या कोचला घड्याळ कळतं, हृदय नाही. उद्या एल्डोरेटच्या मोठ्या इस्पितळात चल माझ्याबरोबर."

"चार वर्षं आमचे हात हातात घेत नव्हतीस, आणि आज नेमकी माझ्या आडवी येतेस?" तो औषध न घेताच निघून गेला.

सालिना तशीच त्याच्या घरी गेली. त्याची आई ताप्किगेन गाय बांधत होती. तिने सालिनाला आत बसवलं, भोपळ्याच्या तुंब्यातलं आंबवलेलं दूध पेल्यात ओतलं. किमोसोप दारातच फुरंगटून उभा होता. सालिनाने पेल्याला हात लावला नाही.

"आधी ऐक, मग पाजायचं तर पाज. जेमेली पडली त्याच्या आदल्या दिवशी मीच तिची नाडी पाहिली होती. ती आजारी होती आणि मी तिला शाबासकी दिली. पळ म्हणाले. तुझी पोर माझ्या अडाणीपणाने गेली, ताप्किगेन. आज ह्याची नाडी तशीच आहे. मला काय बोलायचं ते बोल, पण ह्याला पळू देऊ नकोस."

ताप्किगेनने पोराकडे पाहिलं, मग उठून खुंटीवरचे त्याचे पळायचे बूट काढले आणि आपल्या पेटीत टाकून कुलूप लावलं. किमोसोप आरडाओरडा करून दमला.

शुक्रवारी तिघं एल्डोरेटला गेली. गच्च भरलेल्या मटाटू गाडीत दोन तास ताप्किगेन खिडकीबाहेर पाहत होती. आपल्याला आता जन्मभर हेच भोगायचं आहे, अशी सालिनाने मनाशी खूणगाठ बांधली.

इस्पितळात किमोसोपच्या छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली तशी डॉक्टरीणबाईंनी चाकाची खुर्ची मागवली. "हा पोरगा चालत आला?" एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आत नेलं, हृदय चालतं ठेवायला तात्पुरतं यंत्र जोडलं. वाचेल, पण सहा महिने पळायचं नाव काढू नका, असं बाहेर येऊन सांगितलं.

दोघी बाकावर बसल्या. ताप्किगेन समोरच्या भिंतीकडे पाहत बोलू लागली.

"ती तुझ्याकडे आली होती हे मला ठाऊक होतं."

सालिनाने मान वर केली नाही.

"घरी येऊन म्हणाली, आई, छत्तीस! मला किती आनंद झाला म्हणून सांगू. दूध घालायला गेले तिथे सगळ्या बायकांना सांगून आले. पहाटे ती उठेना. म्हणाली, आज नको, अंगात त्राण नाही." ताप्किगेनने अंगावरच्या कापडाने तोंड पुसलं. "मी म्हटलं, छत्तीस नाडीची पोर अशी लोळते होय? आणि पांघरूण ओढून काढलं. मी उठवलं तिला, सालिना. मी."