आप्पांच्या टेबलावरची स्क्रीन

सुरतेत लूमच्या खडखडाटात बावीस वर्षं काढल्यावर आप्पांचे कान गेले. पूर्ण गेले नाहीत, पण समोरच्याने ओरडून बोलल्याशिवाय काही पोचेना. मग गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या एकाने ओळख लावली आणि आप्पा पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात लागले. रंगवून आलेल्या कापडाचा प्रत्येक ताका टेबलावर उलगडायचा, डाग बघायचे, घडी करायची आणि कॉम्प्युटरवर त्या लॉटची नोंद करायची. आयुष्यात पहिल्यांदा ते खुर्चीवर बसून काम करत होते. घरी आल्यावर आईला सांगायचे, ''माले आते कॉम्प्युटर येस.'' आई पदराआड हसायची.

मी तेव्हा कतारगामच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. खालच्या दोन मजल्यांवर हिरे घासायचं काम चाले, आम्ही वर. आम्ही मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो आणि आप्पांची मिलही आमच्याच गिऱ्हाइकांत होती. तिथलं सगळं सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं होतं त्यांना ऑफिसात सगळे काका म्हणत. काका साठीला आलेले सुरती गृहस्थ, शर्टाच्या खिशात दोन चष्मे. डेटाबेसला काय विचारायचं ते काका स्वतःच्या हाताने लिहीत, प्रत्येक क्वेरी अक्षर न् अक्षर. त्यांच्याकडे एक जाड वही होती. कुठली क्वेरी कशासाठी लिहिली, त्यात कधी काय बदललं, हे सगळं तीत गुजरातीत टिपलेलं असे.

अडचण एकच होती. एकच क्वेरी चाळीस ठिकाणी चिकटवलेली. मिलने एकदा लॉट नंबरची पद्धत बदलली, तेव्हा काकांनी एकोणचाळीस ठिकाणी बदल केला आणि एक राहून गेलं. महिनाभर एका रिपोर्टात भलतेच लॉट येत होते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं. कोणी त्यांना काही बोललं नाही, पण आमच्या कंपनीच्या शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. ''नवीन पद्धतीने लिहायचं असेल तर काय लागेल?''

माझं उत्तर तयारच होतं. डेटाबेसमध्ये सगळं तक्त्यांत असतं, ओळी आणि रकाने. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या डोक्यात मात्र एक लॉट असतो, त्या लॉटमध्ये त्याचे ताके असतात, त्याची पार्टी, म्हणजे माल रंगवायला देणारा व्यापारी असतो, रंग असतो. या दोन जगांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करणारी साधनं मिळतात. मी नुसतं 'या लॉटचे ताके दे' असं लिहायचं, क्वेरी ते साधन बनवतं. लॉट नंबर बदलला तर एकाच जागी बदलायचं, चाळीस ठिकाणी शोधत फिरायचं नाही.

शेठ हो म्हणाले. मी बाहेर येऊन काकांना सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. त्यांनी जवळचा चष्मा काढून दूरचा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ''तू कर, दीकरी. फक्त ते साधन तुझ्या नावाने डेटाबेसला काय विचारतंय, ते अधूनमधून ऐकत जा.''

मी मान हलवली. ऐकलं मात्र नाही.

चार महिन्यांत नवं सॉफ्टवेअर तयार झालं. कोड असा नेटका की मीच उघडून वाचत बसायचे. ऑफिसात वीस लॉट घालून तपासलं, पापणी लवायच्या आत यादी समोर. मिलमध्ये ते बसवलं त्या दिवशी घरी आईने शेवेची भाजी केली होती. आप्पांनी ताटावर बसता बसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्यांना विचारायचे, मोठ्याने, त्यांच्या उजव्या कानाशी. ''आप्पा, कसं चाललंय सॉफ्टवेअर?''

''समदं बरं शे,'' आप्पा म्हणायचे. रोज तेच उत्तर.

तीन आठवड्यांनी मिलच्या मॅनेजरचा ऑफिसात फोन आला. फोल्डिंगची यादी उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, कामगार हात बांधून बसून राहतात, हे काय करून ठेवलंय? शेठनी फोन ठेवला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ''शक्य नाही. आमच्या घरी...'' आणि तिथेच थांबले.

काका खुर्चीवरून उठले. ''चल, जाऊन बघू.''

हायवेवर मालाचे ट्रक अडकलेले, आमची रिक्षा त्यांच्यामधून वाट काढत निघाली. मिलमध्ये शिरल्यावर रंगाचा आणि वाफेचा तो ओला वास आला. आप्पांच्या कपड्यांना तो वास रोज असायचा, पण त्यांची बसायची जागा मी तोवर कधी पाहिली नव्हती. लांबच लांब टेबलं, कापडाचे ढीग आणि कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. आप्पा त्याच्यासमोर पाठ ताठ करून बसले होते. आम्ही मागे उभे आहोत हे त्यांना कळलं नाही. त्यांनी एका बोटाने बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीन पांढरी. मी मनात आकडे मोजू लागले, नव्वदच्या पुढे सोडून दिलं.

शेजारच्या टेबलावर एक बाई घड्या घालत होत्या, आमच्याच भागातल्या. त्यांनी मला ओळखलं. ''तूच का ती? बाई, तुझे वडील कोणाला चकार शब्द काढू देत नाहीत. कोणी कटकट केली की म्हणतात, मनी पोरनं काम शे, टाइम लागी थोडा. काल तर खात्याच्या मास्तरशीच भांडले.''

तेवढ्यात आप्पांनी वळून पाहिलं. आधी त्यांचा चेहरा उजळला आणि मग मी का आले असेन हे त्यांच्या लक्षात आलं. चोरी पकडली गेल्यासारखे ते उठून उभे राहिले.

''काय व्हयनं माय? तू आठे कशी?''

''आप्पा, तुम्ही मला सांगितलं का नाही?'' मी ओरडले. रागाने नाही, त्यांना ऐकू यावं म्हणून. पण खात्यातल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

''तुले वाईट वाटी म्हनीसन,'' ते म्हणाले. त्यांच्या मते ते हळू बोलत होते, पण तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

काकांनी माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवली आणि मला सर्व्हरच्या खोलीत नेलं. तिथे त्यांनी डेटाबेसची नोंदवही चालू केली, म्हणजे डेटाबेसला जे जे विचारलं जातं ते ओळीने स्क्रीनवर छापलं जाऊ लागलं. मग दारातून आप्पांना खूण करून बटण दाबायला सांगितलं.

पहिली ओळ आली, लॉटची यादी द्या. दुसरी, पहिल्या लॉटचे ताके द्या. तिसरी, दुसऱ्या लॉटचे ताके द्या. मग ओळी थांबेचनात. तेच वाक्य, फक्त शेवटचा आकडा वेगळा. मिलमध्ये त्या दिवशी चारशेच्या वर लॉट होते. माझं साधन प्रत्येक लॉटसाठी डेटाबेसपर्यंत एक वेगळी फेरी मारत होतं. मी कोडमध्ये फक्त 'लॉटचे ताके' असं लिहिलं होतं. एवढ्या दोन शब्दांमागे एवढी पायपीट आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. वीस लॉटांवर ते कळलंही नसतं.

''मोजू नकोस,'' काका म्हणाले. ''नुसतं बघ. एकदा पाहिलं की जन्मभर लक्षात राहतं.''

'मी सांगितलं होतं' हे ते म्हणाले नाहीत. नंतरही कधी म्हणाले नाहीत.

मी तिथेच बसून दुरुस्ती केली. साधनाला बजावलं, थोडं थोडं आणू नकोस, सगळं एकाच फेरीत आण. चारशे फेऱ्यांच्या जागी एक. मी जिंकल्यासारखी बाहेर आले आणि आप्पांना बटण दाबायला लावलं. यादी वीस सेकंदांत आली. आप्पांनी टाळ्या वाजवल्या. पण दुपारपर्यंत कॉम्प्युटर गुदमरायला लागला. एका फेरीत लॉटबरोबर ताके आले, ताक्यांबरोबर पार्टी, पार्टीबरोबर तिचे पत्ते, रंगाची कृती, सगळं लटांबर. लॉट जसे वाढले तशी यादी पुन्हा रखडू लागली.

मी डोक्याला हात लावून बसले. आधी ते साधन गरजेपुरतं आणत होतं म्हणून फेऱ्या फार. आता फेरी एक, पण ओझं फार. मी काकांना म्हणाले, ''मग करायचं काय? दोन्हीकडून अडकले.''

काका उठून आप्पांच्या टेबलाशी गेले आणि एक स्टूल ओढून बसले. काकांना अहिराणी येत नव्हती, आप्पांना गुजराती कामापुरती, आणि त्यात आप्पांचे कान. दोघं हिंदीत एकमेकांवर ओरडत होते. लांबून कोणालाही भांडणच वाटलं असतं.

''भाऊ, ये लिस्ट में आप क्या देखते हो?''

आप्पांना प्रश्न कळेना. काकांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक रकाना दाखवला. हे बघता? नाही. हे? नाही. रकाने चौदा होते. मीच घातले होते, असावेत म्हणून. शेवटी आप्पा माझ्याकडे वळले आणि घरी बोलतात तसं बोलले. ''माले तीनच गोष्टी लागतस. लॉट नंबर, ताका किती, आनि परत रंगाले जावाना कोनता. बाकीनं मी पाहसच नही.''

चार महिने मी त्या माणसाच्या समोर बसून जेवत होते. त्यांना काय लागतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. 'कसं चाललंय' तेवढं रोज विचारत होते.

त्या एका यादीसाठी काकांनी हाताने क्वेरी लिहिली. तीन गोष्टी, एक फेरी, सात ओळी. मला कसंतरीच झालं. म्हणाले, ''काका, सगळा कोड एका पद्धतीचा आणि मध्येच हे ठिगळ?''

''सगळं एकाच पद्धतीने हवं, हा हट्ट कोणाचा आहे? मशीनचा तर नाही,'' काका म्हणाले. मग ती क्वेरी वहीत टिपून त्यांनी वही मिटली. ''आणि माझंही ऐक. नोंद करायचा जो भाग आहे, तो तुझ्या साधनाकडेच ठेव. माझ्या जुन्या कोडमध्ये मध्येच लाइट गेली तर ताका नोंदला जायचा आणि लॉट राहून जायचा. मला ते माहीत होतं. चाळीस ठिकाणी सुधारायचं बळ उरलं नव्हतं. तुझं साधन दोन्ही एकत्र नोंदवतं, नाहीतर काहीच नोंदवत नाही. हे मला कधी जमलं नाही.''

इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाला असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ''आपण दोघं मिळून करू,'' मी म्हणाले.

मग आम्ही सगळ्या स्क्रीन एकेक करून तपासल्या. बहुतेक साधनावरच राहिल्या. अकरा ठिकाणी हाताने लिहिलेल्या क्वेरी आल्या आणि त्या अकराच्या अकरा मी एका फाइलमध्ये ठेवल्या, म्हणजे कोणाला शोधत फिरावं लागू नये. प्रत्येकीवर काकांनी कारण लिहिलं. मी आग्रह धरला म्हणून मराठीतही लिहिलं, चुकतमाकत. 'ही यादी पाहणाऱ्या भाऊंना तीनच गोष्टी लागतात', असं पहिल्या क्वेरीवर आहे.

वर्षभराने काका निवृत्त झाले. आता टीममध्ये माझ्याहून लहान सहा-सात जण आहेत. कोणी नवीन आलं की मी त्याला आधी डेटाबेसची नोंदवही चालू करून दाखवते आणि मग मिलमध्ये नेते. साधन चांगलं की हाताने लिहिलेली क्वेरी चांगली, यावर मुलं वाद घालतात. मी घालू देते. उत्तर दर वेळी त्या स्क्रीनसमोर कोण बसलंय त्यावर ठरतं, हे त्यांना तिथे जाऊनच कळतं.

पण मिलमधल्या त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. नवी यादी चालू झाली तेव्हा दुपार कलली होती. आप्पांनी बटण दाबलं आणि यादी आली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा आली. शेजारच्या बाईंना बोलावून तिसऱ्यांदा दाबलं. मग टेबलावरचा ताका पुढे ओढला आणि डाग बघायला लागले, भराभर, आम्ही उभे आहोत हे विसरून.

सुट्टी झाल्यावर काका रिक्षाने परत गेले. मी आप्पांबरोबर मिलच्या बसने घरी निघाले. बसमध्ये सगळे त्यांच्या खात्यातले. आप्पांनी मला खिडकीपाशी बसवलं आणि पुढच्या बाकावरच्या माणसाच्या खांद्यावर थाप मारली.

''हाई मनी पोर,'' ते म्हणाले. ''कॉम्प्युटरवाली.''

तो माणूस हसून म्हणाला, ''माहीत शे, आप्पा. तीन आठवड्यापासून तेच ऐकी ऱ्हायनूत.''

आप्पांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतो? मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून, सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, जसंच्या तसं सांगितलं.