धुणार कोण?

आमच्या युसूफ वडगाव या गावात वनमालाकडं ब्लाऊज शिवायला टाकला की ती आधी माप घेत नाही. आधी विचारते, "धुणार कोण?" मी तिची शेजारीण, तिच्या बाकावर बसून हा सवाल रोज ऐकते. सून धुणार म्हटलं की ती आर्ट सिल्क, म्हणजे नकली रेशीम, घ्यायला सांगते. मशीनमध्ये घाला, पिळा, काही बिघडत नाही, फक्त उन्हाळ्यात अंगाला चिकटतं. साटन धुवायला सोपं, पण सुईखाली इतकं सरकतं की शिवताना वनमालाच्या तोंडी शिव्या येतात. कॉटन सिल्कला तर भिजवल्याशिवाय ती कात्रीच लावत नाही, ते पहिल्या धुण्यात आटतं म्हणून. आमच्याकडं चकाकेल त्याला सिल्क म्हणतात, याचा तिला भारी राग.

परवा नांदूरघाटच्या छबुबाई आल्या. त्यांच्या रानात तुती, शेडमध्ये रेशमाच्या अळ्या. लेकीचं लग्न ठरलेलं. लग्नात स्वतः घालायला म्हणून त्यांनी पिशवीतून खऱ्या रेशमाचा मोरपंखी तुकडा काढला.

"धुणार कोण, मावशी?"

"मीच की. दुसरं कोण हाय?"

वनमालानं त्यांचे हात पाहिले. तुतीच्या फांद्या छाटून तळवे खरखरीत झालेले. त्यांनी तुकडा उचलला तर धागा त्यांच्या बोटाला अडकला.

"मावशी, आर्ट सिल्क घ्या. हे तुमच्या हातून एका धुण्यात जाईल."

छबुबाईंनी तुकड्याची घडी घातली. "इतकी वर्सं अळ्यांना पाला घालते, बाई. कोष बाजारात जातात. पुढं त्याचं काय हुतं, आमी कधी बघितलं न्हाई. एकदा अंगाला लागू दे."

मला वाटलं, आता वनमाला वाद घालणार. पण तिनं टेप काढला. "शिवते. पण धुवायला माझ्याकडं आणायचा. रिठ्याच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून देते."

मला हेवाच वाटला. माझा साधा ब्लाऊज तिच्याकडं कधीचा पडून होता.

लग्न झालं, पण ब्लाऊज काही धुवायला येईना. वनमालाला चैन पडेना. शेवटी मला घेऊन ती नांदूरघाटला गेली. छबुबाई शेडमध्ये पाला टाकत होत्या. साडी रोजचीच, धुऊन विटलेली, आणि अंगात तो मोरपंखी ब्लाऊज.

"मावशी, कामावर कशाला घातला?" वनमाला तडकली.

छबुबाई जरा लाजल्या. "अळ्यांना दाखवायचा राहिला हुता," त्या म्हणाल्या, आणि पुढची फांदी हलकेच अळ्यांवर ठेवली.