कॉफीमास्तरांची मुकी शेगडी

कॉफीमास्तर कानाने कॉफी भाजायचे. लोखंडी कढईत हिरव्या बिया टाकल्या की डोळे मिटायचे, डावा कान कढईकडे करायचे आणि उचटणं फिरवत राहायचे. बाजूला कोणी खाकरलं तरी हात वर करायचे. आधी लाह्या फुटल्यासारखी मोठी तडतड व्हायची. मग थोडा वेळ सगळं गप्प. त्यानंतर तुराट्या पेटल्यावर येतो तसा बारीक आवाज सुरू व्हायचा. त्या दोन आवाजांच्या मधे कुठं थांबायचं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. "डोळा फसवतो, मिस्तरी," म्हणायचे. "उजेड बदलला की रंग बदलतो. आवाज फसवत न्हाई."

मास्तर काही शाळेतले नव्हते. गाव केदारखेडा. तरुणपणी कामाच्या शोधात कर्नाटकात गेले आणि कॉफी भाजायच्या कारखान्यात सारी उमर काढली. बायको वारल्यावर मुलाने त्यांना जालन्यात मस्तगडला आणून ठेवलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि यांचे गुडघे गेलेले. जो भेटेल त्याला कॉफीबद्दल शिकवत बसायचे, म्हणून गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं. त्यांच्या जिन्याच्या समोरच माझं गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान. मी राजूरकडचा. शाळा चौथी, तीही धड नाही. पण शेगडीच्या कामात मला चार गोष्टी शिकवील असा माणूस मी अजून पाहिला नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो.

पहिल्यांदा आले ते काठी टेकत, धापा टाकत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "जयभीम, मिस्तरी. घरी कॉफी भाजायला गॅसची कोणती शेगडी घेऊ?"

"रामराम. घरात शेगडी न्हाई का?"

"हाय ना. पण पोरगं कंपनीत जाताना रेग्युलेटर काढून बॅगेत घालून घेऊन जातं. सूनबाई शाळेत शिकवते. मी दिवसभर थर्मासमधला चहा पिऊन राह्यलो."

मला हसू आलं. डबा नेतात तसा रेग्युलेटर नेणारा माणूस मी ऐकला नव्हता. "असं का करतो?" म्हणून विचारलं, तर मास्तर जिन्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मला आता नाक राहिलं न्हाई, मिस्तरी."

मी काय समजायचं ते समजलो. ज्या माणसाने हजारो पोती कॉफी भाजली, त्याला घरात चहाला विस्तव मिळत नसेल तर त्याचं नाक राहिलं असं कोण म्हणेल? मला त्यांच्या पोराचा, सुनीलचा, असा राग आला की त्याच दिवशी ठरवलं, या माणसाला त्याची स्वतःची आग द्यायची. छोटी टाकी, एका बर्नरची शेगडी, आपल्या हाताने पेटवायची आणि आपल्या हाताने विझवायची. त्यांनाही एवढंच पाहिजे होतं.

मग आमच्या तपासण्या सुरू झाल्या. आठवड्यातून एकदा मास्तर कसेबसे खाली यायचे. पिशवीत कढई आणि जुन्या सोबत्याने तिकडून पार्सल केलेल्या हिरव्या बिया असायच्या. पहिल्यांदा मी त्यांच्यापुढे हॉटेलातली मोठ्या दाबाची भट्टी ठेवली. वाटलं, कारखान्यातला माणूस आहे, खूश होईल. पेटवली तर भर्रर्र आवाज. मास्तरांनी कढई ठेवली, कान लावला आणि लगेच उचलली.

"ही शेगडी हाय का मोटार? हिच्यापुढं बी फुटली काय, न फुटली काय. बंद करा."

दुसऱ्यांदा जाळीची आणली. तिची जाळी लालभडक होते, आवाज काहीच नाही. पहिली तडतड ऐकून मास्तर खुलले. "बस," म्हणाले, मी खटका बंद केला, पण जाळी लालच. बिया आपल्या भाजतच चालल्या. मास्तरांनी काळ्या पडलेल्या बिया हातावर घेतल्या. "बंद केल्यावरबी ऐकत न्हाई ही. आपल्या घरातल्यासारखंच झालं."

मी म्हणालो, "मास्तर, तुम्हाला बायको शोधायची का शेगडी?"

"बायको सोपी होती. तिचा आवाज होता ना," म्हणाले, आणि आम्ही दोघं खोकला येईस्तोवर हसलो.

तिसरी मी स्वतः जुळवली. पितळेचा लहान बर्नर, बारीक छिद्राचा जेट, हवेची पट्टी घासूनपुसून अशी बसवली की ज्योत निळी, बुटकी आणि एकदम मुकी. खटका फिरवला की लगेच चढायची, लगेच उतरायची. बोट जवळ नेल्याशिवाय पेटलीय का नाही ते कळायचं नाही. आयुष्यात त्यापेक्षा चांगलं काम मी केलेलं नाही. मास्तरांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा लेकराला झोप लागावी तसा सैल झाला. "मिस्तरी, बी बोलून राह्यली. बराबर ऐकू येऊन राह्यलं."

तेवढ्यात एक बाई कुकरच्या शिट्टीसाठी आली, म्हणून मी पुढे गेलो. तिच्याशी बोलता बोलता गॅसचा वास आला. तिनेही नाकाला पदर लावला. मागे वळून पाहतो तर मास्तर डोळे मिटून, कान कढईला लावून, तोंडावर हसू घेऊन बसलेले. शेजारच्या दुकानाच्या कुलरचा झोत लागून ज्योत विझली होती आणि गॅस सुटला होता. बर्नर त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब. मी धावत जाऊन टाकी बंद केली, बाईला बाहेर पिटाळलं, शटर पूर्ण वर केलं.

"वास न्हाई आला तुम्हाला?" मी ओरडलो.

"कशाचा?"

मास्तरांनी कढई पिशवीत घातली. म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं तुम्हाला. नाक राहिलं न्हाई म्हणून. त्या मोठ्या साथीत ताप आल्ता, तवापासून कायबी वास येत न्हाई. करपलेलं कळत न्हाई, गॅस कळत न्हाई. पोरगं एकदा घरी आलं तर शेगडीचा खटका चालू आन मी बाजूला पेपर वाचत बसलेलो."

मी मानापमानाचं नाक धरलं होतं आणि ते चेहऱ्यावरचं नाक सांगत होते. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलाला सोडून. कॉफी भाजणाऱ्याचं नाक गेलं हे त्यांच्या तोंडून बाहेर पडत नव्हतं, एकदा पडलं तर ऐकणारा मी निघालो.

माझी पंचाईत झाली ती अशी. भर्रर्र करणारी भट्टी विझली तर आवाज थांबतो, मास्तरांना कळलं असतं. पण तिच्यावर बिया ऐकू येत नाहीत. मुक्या शेगडीवर बिया ऐकू येतात, पण ती विझली तर या माणसाला सांगणारं कोणी नाही. ज्योत गेली की गॅस आपोआप बंद करणाऱ्या शेगड्या मिळतात, मला माहीत आहेत. दोन आणून पाहिल्या. एक चालली, दुसरीने दगा दिला. एकीवर विश्वास ठेवून मी दुसऱ्याचा जीव पणाला लावणार नाही. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणू द्या.

तोडगा मास्तरांनीच काढला. "मिस्तरी, मी कान. तुम्ही नाक व्हा."

माझं दुकान सोमवारी बंद. दर सोमवारी दुपारी, सुनील कंपनीत आणि सूनबाई शाळेत असताना, मी पिशवीत ती शेगडी आणि माझा रेग्युलेटर घालून तीन मजले चढायचो. घरचीच टाकी जोडायची, साबणाच्या पाण्याने नळी तपासायची आणि मग मी कढईशेजारी बसायचो. काम एकच, हुंगायचं.

पण मास्तर नुसतं बसू देतील तर ना. "सांगा, वास कसा हाय?"

"कॉफीसारखा."

"ते तर पोरगंबी सांगेल. नीट सांगा."

मग मी शिकलो. सुरुवातीला ओल्या कडब्याचा वास येतो. बिया पिवळ्या पडल्या की तव्यावरच्या भाकरीचा. मग भाजलेल्या शेंगदाण्याचा, आणि तडतड सुरू झाली की गूळ कढत असल्यासारखा. मी सांगत जायचो आणि मास्तर डोळे मिटून मान हलवायचे, माझ्या तोंडून वास घेत असल्यासारखे. एखाद्या दिवशी मला सर्दी असली तर मला दारातूनच परत पाठवायचे. "आज तुमची ड्युटी बंद. घरी जा, काढा घ्या."

हे सगळं आम्ही चोरून करतोय असं आम्हाला वाटायचं. बियांची साल झाडून घ्यायची, कढई पुसून पलंगाखाली ढकलायची, मी जिन्यात कोणी नाही पाहून उतरायचो. चार-पाच महिने झाल्यावर सूनबाई जिन्यात भेटली. म्हणाली, "काका, सोमवारी खिडक्या उघडत जा. पडद्यांना बुधवारपर्यंत वास राहतो. खालचे लोक विचारतात, तुमच्याकडे आज कॉफी का?" मास्तरांना वास येत नव्हता आणि मला त्या धुरात बसून बसून मागे राहिलेला वास कळत नव्हता. साऱ्या बिल्डिंगीला माहीत, आम्हाला दोघांनाच नाही. सुनीलला तिने काय सांगितलं कोण जाणे, पण त्याने मला कधी अडवलं नाही. फक्त त्याच्या बॅगेतला रेग्युलेटर बॅगेतच राहिला.

मात्र दर सोमवारी निघताना एक गोष्ट व्हायची. मी रेग्युलेटर पिशवीत घालायला लागलो की मास्तर म्हणायचे, "राहू द्या की इथं. मी हात लावणार न्हाई. नुसतं घरात राहू द्या."

"मंग हात लावणार न्हाई तर ठेवून काय करता?"

"माणसाच्या घरात विस्तव असावा."

मी कधी ठेवला नाही. कधी हसून टाळलं, कधी रागाने. गुडघे जास्तच बिघडल्यावर ते खिडकीत खुर्ची टाकून बसायचे. दुकानातून मला त्यांचं डोकं दिसायचं. दिवसभर तिथंच. मी वर बघितलं की हात करायचे. खरं सांगतो, काही दिवस मी वर बघायचं टाळलं.

माझा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन ठरलं, डॉक्टर म्हणाला महिनाभर जाळाजवळ जायचं नाही. मी लेकीकडे राजूरला राहणार होतो. शेवटच्या सोमवारी मास्तरांनी कॉफी भाजली, डब्यात भरली आणि या वेळी विनवलं नाही, हात पुढे केला. "आण. महिन्याचा प्रश्न हाय."

मला पहिल्यांदाच त्यांनी अरेतुरे केलं.

"मास्तर, न्हाई देणार."

"मी काय लेकरू हाय?"

"लेकराला वास येतो," मी म्हणालो. बोलायला नको होतं. पण बोललो.

मास्तरांचा हात तसाच पुढे होता. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला. "माझं पोरगं एक जेलर. तू दुसरा. फरक येवढाच, तू आठवड्यातून एकदा भेटायला येतो." मी रेग्युलेटर पिशवीत घातला आणि तिन्ही मजले न थांबता उतरलो. वर बघितलं नाही.

राजूरला डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसलो तेव्हा कळलं, नुसतं बसून राहणं काय असतं. लेक म्हणायची, बाबा, हे करू नका, तिकडं जाऊ नका. जेवायला हातात ताट. आठ दिवसांत मी तिच्यावर खेकसायला लागलो. दोनदा वाटलं, मास्तरांना फोन करावा. आधी ते करतील, म्हणून थांबलो. तिसऱ्या आठवड्यात फोन आला तो सूनबाईचा. मास्तर दुपारी खुर्चीतच गेले होते.

पट्टी काढून, काळा चष्मा लावून मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. सुनील समोर येऊन पाया पडला. माझ्या मनातला त्याच्यावरचा राग कधीच संपला होता, पण ते त्याला सांगायचं मला जमलं नाही. मग सूनबाईने पाणी आणून दिलं आणि समोर बसली.

"काका, तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच रविवारी मी यांच्याकडून रेग्युलेटर मागून घेतला," ती म्हणाली. "शेगडीला लावला, कढई ठेवली. बाबांना म्हटलं, मी शेजारी थांबते, तुम्ही भाजा. सगळी तयारी केली होती."

"मंग?"

"नको म्हणाले. दोनदा म्हटलं, तरी नको. म्हणाले, 'भाजायचं ते सोमवारी, आन सोमवार हा मिस्तरीचा हाय. तो रागावून गेलाय, पण येईल. त्याच्याशिवाय मला न्हाई भाजायची.'"

मी तिला सरळच विचारलं. शिकलेली बाई आहे, खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं. "माय, मी त्यांना रेग्युलेटर द्यायला पाहिजे होता का?"

तिने खूप विचार केला. म्हणाली, "नाही, काका. नकोच होता द्यायला. तुम्ही बरोबर केलं."

मलाही तेच वाटत होतं, आजही वाटतं. उद्या मास्तर उठून आले आणि हात पुढे केला, तरी मी देणार नाही. पण माणूस चुकला असेल तर फोटोपुढे उभं राहून माफी तरी मागता येते, मन हलकं होतं. मी त्या फोटोपुढे पुष्कळ वेळ उभा राहिलो. मागायला काहीच नव्हतं.