लक्ष्मीला साडी पुरंना

हसू नका, पण शिवकन्येला पयल्यांदा बघितलं तवा मला वाटलं, पोरीला हिवताप आलाय. कळंबात अंगाची लाही होत होती, अन् ही नववीतली पोर भावाचं जाकीट घालून, चेन गळ्यापत्तर ओढून दारात उभी! शेजारी नवीनच भाड्यानं आले होते. म्या लगेच गुळवेलीचा काढा उकळून फुलपात्र भरून नेला. "पी गं बाय." तिनं माझ्याकडं बघितलं, जाकिटाकडं बघितलं, अन् घटाघटा पिऊन टाकला. कडूजहर! 'मला काय झालं न्हाय' एवढं सांगायचं सोडून पोर काढा प्याली. आठवलं की आजबी पोट धरून हसते म्या.

जाकिटाखाली शाळंचा ड्रेस होता, सातवीत शिवलेला. छातीवरची बटनं लागंनात.

तिची आई सत्यभामा म्हणायची, "आदी बारीक हो, मग नवा शिवू. कापड काय झाडाला लागतंय?" अन् वरून, "चेन लाव. छाती काढून चालू नगंस, लोकं बघतेत."

आता सांगा. जाकीट काढलं की आई वरडणार, घातलं की स्टँडावरची पोरं वरडणार, "कोठी आली रे, कोठी!" धान्याची पत्र्याची कोठी असती, ती. पोरीचे खांदे पुढं आले, शाळंत खो-खो खेळायची, तो सुटला. भाकर अर्दीच खायची, उरलेली माझ्या शेळीला. शेळी चांगली गरगरीत झाली. तिला कुणी एक शब्द बोललं न्हाय.

महालक्ष्म्यांच्या आठवडाभर आदी ती मला म्हणली, "काकू, दप्तर माळ्यावर टाकलं. आता न्हाय जायचं शाळंत."

"मग काय करनार?"

"बसनार."

सत्यभामा आतूनच बोलली, "बसू दे. दोन-चार वर्सांनी स्थळंच बघायची हायत."



मग लक्ष्म्या आल्या. मांडायला म्याबी गेले. कोठ्यांत गहू भरले, वर मुखवटे ठिवले, अन् अंग भरायला जुन्या लुगड्यांच्या घड्या गुंडाळाय लागलो. शिवकन्येची आजी सिताबाई पाटावर बसून हुकूम सोडत होती, "आजून एक घडी घाला. वाळकी लक्ष्मी आणता व्हय घरात? भरल्या अंगाची पायजे."

शिवकन्या जाकिटात घामाघूम होऊन पिना देत होती. धाकट्या लक्ष्मीला साडी नेसवली, तर पदर येईना.

सत्यभामा म्हणली, "पोटावरच्या दोन घड्या काढ गं."

"न्हाय काढायच्या," शिवकन्या म्हणली.

"आगं, साडी पुरंना!"

"मग साडी मोठी आण."

"इवढी भारीतली साडी हाय ही."

"आसंल. तिला बसंना. लक्ष्मीला म्हण की, आदी बारीक हो, मग नेसवू."

हातातली पिन पोरीनं तशीच घट्ट धरून ठिवली. सत्यभामा मुखवट्याकडं बघत बसली. सिताबाईनं सुनंला दटावलं, "नऊवारी काढ ट्रंकंतली. देवीच्या अंगाचं काय काढू नगंस."

सत्यभामा उठली. नऊवारी आणली, निऱ्या घातल्या. पदर डोक्यावरून जाऊन वर हातभर उरला. मग लक्ष्मीकडं बघतच म्हणली, "सण झाला की धुळाप्पा शिंप्याकडं जाऊ. माप देऊन यिऊ."

"आत्ताच्या अंगाचं?"

"आत्ताच्याच."

"सोमवारी जाऊ."

"सोमवारी धुळाप्पाचं दुकान बंद आसतंय."

"बंद मंगळवारी आसतंय."

"सोमवारी! मला शिकवू नगंस."

"मंगळवारी. काकू, तुमीच सांगा."

म्या आपली निऱ्या सारख्या करत होते. सत्यभामा माझ्याकडं डोळे वटारून बघाय लागली, पर खोटं कसं बोलावं, लक्ष्म्या पुढ्यात.

"बंद मंगळवारीच आसतंय," म्या म्हणले.