आधी हलगी, मग भाषण

“आधी हलगी होऊ दे, मग तुझा तो रशियन,” काकू म्हणाल्या आणि गणपतीसाठी पुण्याहून आणलेली हलगी सगळ्यांदेखत माझ्या मांडीवर ठेवली. “लाजतेस काय? तुमच्या रक्तातच असतं.”

टाळ्या पडल्या. सिंगापुरातल्या मरीन परेडमधला काकूंचा कोंडो, म्हणजे फ्लॅट, आणि मराठी मंडळींची महिन्याची बैठक. मी त्याच घरात भाड्याने राहणारी, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी. विषय, एक सोव्हिएत संगीतकार. त्याच्यावर मी बोलणार होते. जीव तोडून तयारी केली होती.

हलगी मला वाजवता येतच नाही. गावात लग्न असलं की माझा बाप मांडवाबाहेर उन्हात उभा राहून वाजवायचा. पंगती उठल्यावर उरलंसुरलं मिळायचं. एक दिवस त्याने हलगी टाकली ती टाकलीच. मला म्हणाला, “हिला हात लावलास तर याद राख.” मी पियानो शिकले. आणि इथे सिंगापुरात, पुन्हा मांडवाबाहेर.

उठून जावं तर कुठे? घर यांचं. दुसरी खोली शोधायची तर ओळखही यांचीच. काकूंची मुलगी सिंगापुरी ढंगात म्हणाली, “ताई, जस्ट प्ले लाह.”

माझा संगीतकारही असाच कोंडला गेला होता. त्याने सिम्फनी लिहिली, तर वरून हुकूम आला, हे नको, तुझ्या लोकांचं नाचगाणं लिही. त्याने भर सभेत माफी मागितली. तरी शिकवायची नोकरी गेलीच. पुढे परत मिळाली. म्हातारा होईपर्यंत त्याने पोरं घडवली, पण सिम्फनी पुन्हा लिहिली नाही. त्या माफीचा मला फार राग यायचा. आता माझ्याच तोंडाशी आली होती, “सॉरी काकू.”

गिळली. हलगी टीपॉयवर ठेवली.

“मी वाजवणार नाही. मी बोलायला आलेय.”

काका हसले. “अगं, गंमत केली.”

“गंमत नाही, काका. जात काढलीत तुम्ही.”

काकू ताडकन उठल्या. “आमच्या घरात राहून आम्हालाच? खोली रिकामी कर.”

“करते. आधी बोलते.”

बोलले. निम्मे लोक प्लेटा घेऊन बाल्कनीत गेले. तरी मी शेवटच्या वाक्यापर्यंत बोलले. उद्या कुठे झोपायचं, ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून कुठेही बोलायला उभी राहिले की पहिलं वाक्य हेच असतं. मी मांगाची पोर आहे. दुसरं वाक्य माझ्या विषयाचं. ज्याला उठायचंय त्याने मधल्या वेळात उठावं. मी थांबणार नाही.